भरलेला की रिकामा

प्रिय भिंगरी,

मिक्सर दुरुस्त झाला. हे पत्र तुला त्याच्या लहान भांड्यात, झाकणाखाली घडी करून ठेवलेलं सापडेल. तिथेच ठेवण्याचं कारण असं की जावईबापू मिक्सरच्या भांड्यात हात घालतील याची सुतराम शक्यता नाही. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आपण दोघीच कुठे असतो? स्पीकर लावलेला असतो, ते मधेच 'आई, गुडघे काय म्हणतात?' असं विचारतात, मी 'बरे आहेत' म्हणते, आणि गुडघे सोडून बाकीचं सगळं राहून जातं. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं. हाताला लिहायची सवय राहिलेली नाही, अक्षर बघून हसू नकोस. आणि सावकाश वाच. पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघायची तुझी खोड आज जरा आवर.

बाबा बरे आहेत. दुकान चालू आहे, म्हणजे शटर वर असतं आणि ते आत बसलेले असतात. लोक हल्ली वस्तू दुरुस्त करत नाहीत, फेकून देतात. तरी ते रोज एखादा मेलेला पंखा उघडून त्याच्याशी गप्पा मारतात. माझ्याशी आयुष्यात जेवढे बोलले नसतील तेवढे त्या पंख्याशी बोलतात. काल मी जेवायला हाक मारायला खाली गेले तर काउंटरच्या खालच्या तुझ्या जागेत त्यांनी जुन्या वायरींचं भेंडोळं ठेवलेलं दिसलं. तुझी जागा म्हणजे तीच, शाळा सुटली की दप्तर टाकून जिथे घुसायचीस ती. आठवतं ना, बाबा तुझ्या डोळ्यांवर ते तेलकट फडकं बांधायचे आणि एकेक यंत्र चालू करायचे? पंखा, इस्त्री, शिलाई मशीन. इस्त्रीला आवाजच नसतो म्हणून तू फसशील असं त्यांना वाटायचं, तर तू वासावरून सांगायचीस. शेवटी मिक्सर. 'भरलेला की रिकामा?' असं विचारायचे आणि तू एकदाही चुकली नाहीस. मी वरून ओरडायचे की पोरीचे डोळे खराब होतील, मेकॅनिक करायचंय का तिला. कान खराब होतील असं कधी मनातही आलं नाही.

आता शेजारच्यांचं सांगते. तुझं लग्न होऊन तू गेलीस आणि बाजूची जागा एका जोडप्याला भाड्याने गेली, एवढंच तुला माहीत आहे. तो मोटार चालवायला शिकवतो. आम्ही त्याला मास्तर म्हणतो. अर्धी इमारत त्याच्याकडून शिकली, सेक्रेटरींची बायकोसुद्धा, जिने शिकताना दोनदा फाटकाला धडक दिली. दोन्ही वेळा मास्तर हसून म्हणाला, 'होतं हो वहिनी, पुन्हा करू.' दिवसभर दुसऱ्यांच्या चुका सोसायच्या, आवाज चढवायचा नाही, पाय आपल्या ब्रेकवर तयार ठेवायचा, असं त्याचं काम. तो सगळा दिवस मग घरी येऊन बायकोवर काढायचा. ती दातांच्या डॉक्टरांकडे बसते, येणाऱ्यांना नंबर देते. बारीकशी आहे, तुझ्याच वयाची. जिन्यात भेटली की माझ्या हातातली पिशवी न विचारता घ्यायची.

पहिल्यापहिल्यांदा त्यांची भांडणं सगळ्यांनाच ऐकू यायची. स्वयंपाकघराची भिंत आपली आणि त्यांची एकच, त्यामुळे आम्हाला शब्दन् शब्द. मीठ जास्त झालं, फोन कोणाचा होता, हसलीस का. हसलीस का, यावरून एवढं रामायण मी जन्मात ऐकलं नव्हतं. मग भांडं आपटल्याचा आवाज, मग कशाचा तरी आवाज जो भांड्याचा नसायचा. लोकांनी तक्रार केली. कशाची, तर आवाजाची. सेक्रेटरी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, तुमचं काय असेल ते असो, पण जरा हळू, मुलांच्या परीक्षा आहेत. मास्तरने माफी मागितली म्हणे. सेक्रेटरी आमच्याकडे येऊन कौतुकाने सांगत होते, माणूस समजूतदार आहे.

त्यानंतर भांडण ऐकू येईनासं झालं आणि मिक्सर ऐकू यायला लागला. संध्याकाळी तो घरी आला की थोड्या वेळाने घर्र करून सुरू व्हायचा. मी आपली थट्टा करत बसले. दोन माणसांचं घर आणि ही बाई पन्नास जणांचं वाटतेय, असं बाबांना म्हणाले. ते पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, 'रिकामा आहे.' मी म्हटलं, काय रिकामा? 'मिक्सर. आत काही नाही.' मग मी कान दिला. खरंच गं. वाटणारी बाई मधे थांबते, झाकण काढते, चमच्याने कडेचं खाली ढकलते, पुन्हा लावते. हा थांबतच नव्हता. एकाच पट्टीत, किंचाळल्यासारखा, सलग. मला वाटलं वेंधळी असेल, बटण चालू ठेवून बाहेर गेली असेल. बाबांनी पेपरचं पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

मग एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मिक्सर चालू असताना वीज गेली. मिक्सर एकदम बसला आणि त्याच्या मागे इतके दिवस जे होतं ते भिंतीतून सरळ आमच्या ओट्यावर आलं. मास्तरचं अर्धं वाक्य आलं, ते मी तुला लिहिणार नाही. एक दणका आला. आणि तिचा आवाज आला, रडण्याचा नाही, मोजूनमापून दाबलेला, दाढ काढताना माणूस तोंड उघडं ठेवून करतो तसला. मग त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण सगळं गप्प झालं. मी ओट्याला धरून उभी होते. थोड्या वेळाने वीज आली आणि मिक्सर आपोआप सुरू झाला, बटण चालूच होतं ना. आणि तो बंद करायला कोणी आलं नाही.

मी पोलिसांना फोन केला. बाबांना न विचारता केला, ते नको म्हणाले असते असं नाही, पण मी विचारत बसले असते तर माझाच धीर सुटला असता. दोघे आले. दार तिनेच उघडलं, हाताला टॉवेल गुंडाळलेला, तोंडावर कामावरचा मास्क. तिची नोकरी अशी की मास्क लावला तर कोणी का म्हणून विचारत नाही. ती म्हणाली, मिक्सर जुना आहे, फार आवाज करतो, शेजारी वयस्कर आहेत, त्यांना त्रास होतो, मी समजू शकते. पोलीस मास्तरशी दोन शब्द बोलले. जाताना त्यातला एक विचारत होता, बायकोला गाडी शिकायची आहे, किती दिवस लागतील? त्या दिवसापासून ती जिन्यात भेटली की माझ्या पिशवीकडे बघायची, पण हात पुढे करायची नाही.

तुझ्या बाबांनी या सगळ्यात फक्त एकदाच काहीतरी केलं आणि तेही फसलं. मिक्सर अखेर बंद पडला तेव्हा मास्तर स्वतः दुकानात घेऊन आला. 'काका, बघा हो जरा, बायका काय, कशाही वापरतात.' बाबांनी उघडला. आतले कार्बन झिजून नखाएवढे उरलेले, बुश कोरडा ठणठणीत, काळा पडलेला. आणि भांड्याची पाती कोरी. भांडं ज्यावर बसतं तो रबरी कपलर, ज्याचे दात वाटून वाटून गोल होतात, तो पेटीतून आत्ता काढल्यासारखा. म्हणजे मोटर म्हातारी होऊन मेलेली आणि तिच्यावर कधी काही वाटलेलंच नाही. त्यांनी मिक्सर फळीवर ठेवला आणि मास्तरला सांगितलं की पार्ट मिळत नाही, वेळ लागेल. मला म्हणाले, मिळतो गं, पण मी देणार नाही. आता सगळ्यांना ऐकू दे. ऐकू आल्यावर माणसं गप्प कशी बसतील?

भिंगरी, तुझ्या बाबांना यंत्रं कळतात, माणसं कळत नाहीत. बिघाड दिसला की कोणीतरी दुरुस्त करणारच, असा त्यांचा साधा समज. त्याच संध्याकाळी सगळं उघड्यावर आलं. जिन्यात ऐकू गेलं, खालच्या मजल्यावर गेलं, रस्त्यावर उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने मान वर करून बघितलं. आणि मग खिडक्या लागायला लागल्या. एक, मग दुसरी. वरच्यांनी टीव्ही मोठा केला. सेक्रेटरी दारात आले, जिन्याच्या कठड्याला हात लावून उभे राहिले, आणि आत गेले. आम्ही दोघांनी जाऊन बेल वाजवली. मास्तरनेच दार उघडलं, घामेजलेला, शर्टाची बटणं नीट लावलेली. 'आवाज बाहेर गेला का काका? सॉरी हं,' म्हणाला आणि हळूच, आमचं बोट सापडू नये अशी काळजी घेत, दार लावलं. त्यानंतर आतून काहीसुद्धा ऐकू आलं नाही. मी भिंतीला कान लावून बसले होते, आणि तुला सांगते, तो गप्पपणा ऐकण्यापेक्षा मला मिक्सर चालला असता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती शटरपाशी उभी. मी बाबांना चहा द्यायला खाली गेले होते. तिचा एक डोळा नीट उघडत नव्हता. म्हणाली, 'काका, मिक्सर द्या हो. दुरुस्त नसला तर दुसरा कुठलाही द्या, नुसता आवाज झाला तरी चालेल. बाहेर आवाज गेला की तो मला...' आणि तिने ते वाक्य तिथेच सोडलं. मी तिचा हात धरला. म्हटलं, आमच्याकडे ये, मुलीची खोली मोकळीच आहे, आत्ता चल. तर ती हसली गं. म्हणाली, 'मावशी, भिंत तर तीच राहील ना? तो पलीकडेच असणार.' मी म्हटलं, आईकडे जा मग, आईला सांगितलंस का? तर म्हणे, 'आईला सांगून काय करू? तिची झोप जाईल फक्त.' बाबांनी तिच्यासमोर बसून मिक्सर दुरुस्त केला. नुसता केला नाही, जुनी मोटर काढून मोठी बसवली, पुन्हा जळू नये म्हणून. स्क्रू दोनदा खाली पडला. तिच्यासाठी आम्ही जे काही करू शकलो ते एवढंच. तिचं ओरडणं झाकायला आम्ही तिला चांगला दणकट आवाज दिला.

तो अजून चालतो. परवा तिच्या मनगटाला प्लास्टर दिसलं, न्हाणीघरात पाय घसरला असं दातांच्या डॉक्टरांना सांगितलं म्हणे. मिक्सरचं बटण आता डाव्या हाताने दाबत असेल. मी पुन्हा पोलिसांना फोन केला होता, त्यांनी माझं नाव ओळखलं आणि 'मिक्सरवाल्या आजी का?' असं विचारलं. सेक्रेटरींनी मला समजावलं की दोघांच्या मधे आपण पडू नये, ती बाई तक्रार करत नाही तर आपण कोण?   हल्ली संध्याकाळी बाबा दुकानातून मुद्दाम उशिरा वर येतात. मी ओट्यापाशी काहीतरी करत राहते, कारण निदान कोणीतरी ऐकतंय एवढं तरी असावं, मग त्याचा तिला काडीचा उपयोग नसला तरी.

आता तुझ्याकडे येते. तुझ्या मिक्सरचं पार्सल आलं तेव्हा मला आनंदच झाला. म्हटलं, बघा, लेकीला माहेरचाच मेकॅनिक लागतो. मागे एकदा पाठवला होतास तेव्हा बाबांनी कार्बन बदलून परत केला होता, हल्लीचा माल हलका असतो असं पुटपुटत. या वेळी ते भर दुपारी दुकान उघडं टाकून वर आले. तू जन्मलीस तेव्हा आले होते तसे, त्यानंतर कधी नाही. चपलासुद्धा काढल्या नाहीत. माझ्या तळहातावर त्यांनी एक कपलर ठेवला. सगळे दात जागच्या जागी, नवा कोरा. मी म्हटलं, शेजारणीचा का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग तसेच चपलांसकट खुर्चीत बसले. त्यांनी एवढंच विचारलं, 'तिच्या घराच्या कोपऱ्यावर दुरुस्तीचं दुकान आहे ना?' आहे. आम्ही तुझ्याकडे आलो होतो तेव्हा त्या माणसाशी हे तासभर गप्पा मारत बसले होते. तूच बोलवायला गेली होतीस.

तेव्हापासून मी तुझे फोन आठवते आहे. 'थांब आई, मिक्सर लावते, मग बोलू', असं म्हणून तू किती वेळा फोन ठेवलास. मला वाटायचं, कामात आहे, संसारात रमली आहे. भिंतीपलीकडचा ओळखणारे माझे कान, आणि तुझा मात्र मी फोनमधून ऐकला आणि ओळखला नाही. आणि आता मला हेही कळेनासं झालंय की मिक्सर बिघडला म्हणून तू पाठवलास, की आम्हाला कळावं म्हणून पाठवलास. फडकं बांधून खेळणाऱ्या पोरीला एवढं नक्कीच माहीत असणार की बाबा तो उघडतील, आणि उघडला की त्यांना कळेल. बाबा म्हणाले, दुरुस्त करणार नाही. मी म्हटलं, एकदा तसं करून बघितलंत ना? मग त्यांनी केला. रडत केला, हे मी तुला सांगू नये असं त्यांनी बजावलंय.

म्हणून हे पत्र. माझं चुकत असेल तर मला वेडी म्हण, मी जन्मभर ऐकून घेईन. पण तू तोंडाने काही सांगणार नाहीस हे मला माहीत आहे, ती शेजारीण कुठे सांगते? माझी झोप जाईल म्हणून गप्प असशील तर ती तशीही गेलेलीच आहे. तेव्हा बोलूच नकोस. नेहमीसारखा फोन कर, स्पीकर लागला तर लागू दे, गुडघ्यांची चौकशी होऊ दे. मग 'थांब आई, मिक्सर लावते' म्हण, पण फोन ठेवू नकोस. सगळं ठीक असेल तर भांड्यात मूठभर साखर घाल आणि फिरव. नसेल तर काही घालू नकोस. जावईबापू शेजारी उभे असले तरी त्यांना फरक कळणार नाही, त्यांनी आयुष्यात कधी काही वाटलेलं नाही. रिकामा असला तर आम्ही दोघं पहिल्या गाडीने निघू. येऊन आम्ही काय करू, हे मला खरंच माहीत नाही गं. एका भिंतीपलीकडच्या पोरीसाठी आम्हाला काही करता आलं नाही, आणि तू तर केवढी लांब आहेस. पण निघू. बाबा दुकान बंद करून फोनपाशी बसणार आहेत, आणि 'भरलेला की रिकामा' असं या वेळी तू आम्हाला विचारायचं आहेस.

तुझीच,
कान लावून बसलेली
आई